लिनक्सवर आकाशाचे फोटो: सॉफ्टवेअर निवडायचं कसं?

लिनक्स वापरणारा माणूस आकाशाचे फोटो काढायला लागला की त्याला पहिला सल्ला मिळतो तो विंडोज टाकून घेण्याचा. तो लगेच ऐकू नका. एके काळी त्यात तथ्य होतं. डीपस्कायस्टॅकर, रेजिस्टॅक्स, फोटोशॉप ही नेहमीची मंडळी लिनक्सवर नव्हतीच. आता तेजोमेघ, दीर्घिका, तारकागुच्छ यांच्या फोटोंवरचं काम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत लिनक्सवर होतं, आणि तेही एक पैसा न देता. ग्रहांच्या फोटोंत थोडी अडचण अजून आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

नव्याने आलेले बहुतेक जण विचारतात, ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘मी मृगातल्या तेजोमेघाचे ट्रॅकरवर ८० फोटो काढलेत, आता काय करू?’ असं विचारलंत तर मात्र सरळ उत्तर मिळतं. (ट्रॅकर म्हणजे आकाशाच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारं उपकरण.) म्हणून सुरुवात तिथूनच.

१. आधी विषय ठरवा

आकाशाच्या फोटोंचे ढोबळ चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाची अवजारं वेगळी.

पहिला प्रकार अंधुक, पसरट वस्तूंचा: तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, कृत्तिका. यात एकाच जागेचे दहावीस सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचे अनेक फोटो काढून ते एकमेकांवर रचतात. यालाच सगळे स्टॅकिंग म्हणतात.

दुसरा प्रकार चंद्र, सूर्य आणि ग्रहांचा. यात फोटो नव्हे, व्हिडिओ घेतात आणि त्यातल्या हजारो फ्रेममधून वातावरण क्षणभर शांत असतानाच्या निवडक फ्रेम वेचतात.

तिसरा प्रकार किल्ल्यावरून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून दिसणारी आकाशगंगा आणि ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा. चौथा मोजमापाचा, म्हणजे रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्याची तेजस्विता किंवा बाह्यग्रहाचं अधिक्रमण, म्हणजे त्याचं आपल्या ताऱ्यासमोरून जाणं.

या चारही कामांना एकच सॉफ्टवेअर शोधू नका. नवखे लोक बहुतेक पहिल्या प्रकारापासून सुरुवात करतात, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

२. हाताशी काय हवं

– चौसष्ट-बिटचा संगणक. रॅम ८ जीबी असली तरी भागतं, १६ असेल तर सुखाने होतं.
– रिकामी एसएसडी. किती, ते खाली सांगतो.
– रॉ स्वरूपातले मूळ फोटो. कॅमेऱ्याने बनवलेले जेपेग या कामाला चालत नाहीत.
– डार्क, फ्लॅट आणि बायस फ्रेम.
– दुर्बिणीची किंवा लेन्सची फोकल लांबी आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार, कागदावर लिहून ठेवलेला. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात तो साधारण ३.९ मायक्रॉन असतो.

डार्क म्हणजे झाकण लावून काढलेले फोटो. आयएसओ आणि एक्स्पोजर लाइट फ्रेमइतकंच, म्हणजे आकाशाच्या मूळ फोटोंइतकंच, आणि तापमानही शक्य तितकं तेवढंच. म्हणून डार्क जागेवरच, सामान आवरण्याआधी काढा. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी काढलेल्या डार्कचा पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात काही उपयोग नाही. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो. फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा न हलवता काढायचे. सेन्सरवरची धूळ आणि कोपऱ्यांतला अंधार यांनीच जातो. बायस म्हणजे झाकण लावून, कॅमेऱ्याच्या सगळ्यात कमी एक्स्पोजरवर काढलेले फोटो. फ्लॅट नसतील तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, तो डाग तुम्हाला हाताने पुसत बसावा लागेल.

आता डिस्कचा हिशेब. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो २५–३० एमबीचा असतो. पण रंग उलगडून तो ३२-बिट फिट्स झाला की २४ दशलक्ष गुणिले तीन रंग गुणिले चार बाइट, म्हणजे २८८ एमबी. असे १०० फोटो म्हणजे जवळपास २९ जीबी. ते जुळवले की तेवढीच दुसरी प्रत तयार होते. साठ-पासष्ट जीबी मोकळी ठेवल्याशिवाय बसू नका. अर्ध्यात डिस्क भरली की काम थांबतं आणि नवखा माणूस सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. जागा कमीच असेल तर सेटिंगमध्ये १६-बिट निवडा, हिशेब निम्म्यावर येतो.

फिट्स हे नाव पुढे वारंवार येईल. खगोलशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेलं हे फाइलचं स्वरूप आजही वेधशाळांपासून गच्चीवरच्या दुर्बिणीपर्यंत सगळीकडे चालतं. साधा फोटो-व्ह्यूअर ते उघडत नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही.

३. सिरिल टाका, पण जुनं नव्हे

पहिलं सॉफ्टवेअर सिरिल. मोफत, मुक्त स्रोत, आणि लिनक्सवर मनापासून चालणारं. फोटो जुळवणं, स्टॅक करणं, पार्श्वभूमी सपाट करणं, रंग बरोबर करणं, स्ट्रेच करणं (म्हणजे काळ्यात दडलेला अंधुक प्रकाश उजळून वर आणणं) हे सगळं एकाच ठिकाणी होतं.

सापळा इथे पहिल्याच पावलावर आहे. उबंटू किंवा डेबियनच्या स्वतःच्या भांडारात सिरिल असतं, पण बहुधा मागची आवृत्ती. मग यूट्यूबवरच्या धड्यातला मेनू तुमच्याकडे दिसतच नाही. त्यापेक्षा फ्लॅटहबवरून फ्लॅटपॅक घ्या किंवा सिरिलच्या संकेतस्थळावरून अ‍ॅपइमेज, म्हणजे न टाकता थेट चालणारी एकच फाइल, उतरवा.

अ‍ॅपइमेजवर दोनदा क्लिक करून काहीच घडलं नाही, तर दोन गोष्टी बघा. फाइलच्या गुणधर्मांत ‘प्रोग्रॅम म्हणून चालवायला परवानगी’ दिली आहे का? आणि उबंटू २२.०४ किंवा नंतरचं असेल तर लिबफ्यूज-२ टाकलं आहे का? ते तिथे आपोआप येत नाही.

फ्लॅटपॅक कप्पेबंद चालतं. एखाद्या फ्लॅटपॅकला बाहेरची हार्ड डिस्क किंवा शेजारचा प्रोग्रॅम दिसत नसेल तर फ्लॅटसील नावाच्या छोट्या साधनातून परवानगी देता येते. मला स्वतःला अ‍ॅपइमेज सोयीचं वाटतं: जुनी आवृत्ती बाजूला ठेवता येते, नवी बिघडली तर परत जाता येतं.

या कामासाठी डिस्ट्रिब्युशन बदलायची गरज नाही. मिंट असो, फेडोरा असो, चालू दे.

४. पहिला स्टॅक

एक फोल्डर करा. त्यात चार उपफोल्डर: लाइट्स (lights), डार्क्स (darks), फ्लॅट्स (flats), बायसेस (biases). नावं इंग्रजीत, अनेकवचनी, आणि सगळी अक्षरं लहान. विंडोजवर पहिलं अक्षर मोठं केलं तरी खपून जातं. लिनक्सला मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं, त्यामुळे स्क्रिप्ट ‘फोल्डर सापडत नाही’ म्हणून थांबते. लिनक्सवरच्या नवख्यांची सगळ्यात जास्त अडवणूक इथेच होते.

मग सिरिलमध्ये घराच्या चिन्हावर क्लिक करून हे मुख्य फोल्डर निवडा. आतला लाइट्स नव्हे, बाहेरचा. स्क्रिप्टच्या यादीतून ओएससी प्रीप्रोसेसिंग चालवा. ओएससी म्हणजे एकाच झटक्यात रंगीत फोटो देणारा कॅमेरा, तुमचा डीएसएलआर त्यातच आला. फ्लॅट नसतील किंवा तिन्ही प्रकारच्या फ्रेम नसतील तर त्यासाठी वेगळ्या स्क्रिप्ट आहेत, त्या घ्या. रिकामे फोल्डर ठेवून मुख्य स्क्रिप्ट चालवली तर ती अडते. सीस्टारसारख्या छोट्या स्मार्ट दुर्बिणीतून आलेल्या दहा-दहा सेकंदांच्या शेकडो फिट्स फाइलही सिरिल घेतं.

चहा करून या. जुन्या लॅपटॉपवर शंभर फोटोंना बराच वेळ लागतो.

निकाल उघडलात की पडदा काळा दिसेल. फोटो वाया गेलेला नाही. माहिती अजून रेषीय अवस्थेत आहे, सगळा प्रकाश काळ्याच्या टोकाला दाटलेला. खालच्या पट्टीतून ऑटोस्ट्रेच निवडा, तेजोमेघ दिसेल. पण ऑटोस्ट्रेच फक्त डोळ्यांना दाखवण्यापुरता असतो. तो लावून फाइल सेव्ह केलीत आणि दुसरीकडे उघडलीत तर पुन्हा काळोखच. खरा स्ट्रेच पुढच्या पायरीवर, आणि तोही बाकीची कामं उरकल्यावर.

क्रम असा ठेवा. आधी जुळवणीत खराब झालेल्या कडा कापा. मग पार्श्वभूमी काढा. मग प्लेट सॉल्व्ह, म्हणजे फोटो आकाशातल्या नेमक्या कोणत्या भागाचा आहे हे ताऱ्यांवरून शोधणं. कागदावर लिहिलेली फोकल लांबी आणि पिक्सेलचा आकार इथे लागतो. त्यानंतर फोटोमेट्रिक रंग-कॅलिब्रेशन: तुमच्या फोटोतल्या ताऱ्यांचे रंग तारकासूचीतल्या नोंदींशी ताडून बघितले जातात. सूची इंटरनेटवरून येते, त्यामुळे गावाकडे नेटवर्क नसताना ही पायरी अडली तर गोंधळू नका. रंग बरोबर झाल्यावर हिरवट झाक काढा आणि शेवटी स्ट्रेच करा. सिरिलमधला जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच शिकायला दोन संध्याकाळी लागतील, पण तारे न फुगवता अंधुक भाग वर आणायला त्याच्यासारखं साधन मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुसरं नाही असं माझं मत.

५. शहराचा उजेड आणि ग्राक्सपर्ट

पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पण सगळेच काही पेंचला जाऊन फोटो काढत नाहीत. वांगणीला गेलात तरी एका बाजूला मुंबईचा उजेड असतोच. तो फोटोत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पिवळट-तपकिरी झाकेसारखा दिसतो.

सिरिलचं स्वतःचं साधन साध्या उतारासाठी पुरतं. गुंतागुंतीच्या उजेडासाठी ग्राक्सपर्ट घ्या. तेही मोफत, मुक्त स्रोत आणि लिनक्सवर चालणारं. त्यातलं एआय मॉडेल पहिल्यांदा वापरताना इंटरनेटवरून उतरतं. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं, फक्त थांबावं लागतं. ते गोंगाटही, म्हणजे फोटोतले दाणे (नॉइज), कमी करतं.

सावध राहा ते एका बाबतीत. फोटोभर पसरलेला अंधुक तेजोमेघ आणि शहराचा उजेड यांतला फरक कोणत्याच सॉफ्टवेअरला खात्रीने कळत नाही. काढून टाकलेली पार्श्वभूमी वेगळी सेव्ह करून बघा. तिच्यात तेजोमेघाचा आकार दिसत असेल तर तुम्ही खरा प्रकाश फेकून दिलात. हळू हाताने पुन्हा करा.

६. तारे वेगळे करणं आणि गिम्प

स्टारनेट फोटोतले तारे उचलून बाजूला ठेवतं. मग तेजोमेघ एकटा हवा तेवढा वर आणायचा आणि तारे नंतर मिसळायचे. लिनक्ससाठी त्याची कमांड-लाइन आवृत्ती मोफत मिळते. ती उतरवा, फाइलला चालवण्याची परवानगी द्या, आणि सिरिलच्या सेटिंगमध्ये तिचा पत्ता भरा. यापुढे सिरिलमधूनच चालते. परवानगी द्यायचं राहिलं तर सिरिल म्हणतं स्टारनेट सापडत नाही, आणि माणूस पत्ताच पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

शेवटचा हात गिम्पमध्ये. ‘गिम्प आठ-बिटच आहे’ ही तक्रार अजून ऐकू येते, पण २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ते १६ आणि ३२-बिटमध्ये काम करतं. २०२५ च्या ३.० पासून फिल्टर मूळ चित्र न बिघडवता लावता येतात. सिरिलमधून १६-बिट टिफ घेऊन या. जेपेग आणलंत तर काळ्या आकाशात पायऱ्या पायऱ्या दिसू लागतील. जेपेग फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना, सगळं झाल्यावर.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही उत्तम सॉफ्टवेअर आहेत, पण स्टॅकिंगच्या आधी फोटो त्यांच्यातून काढू नका. त्यांनी लावलेले वक्र आणि रंग डार्क-फ्लॅटचं गणित बिघडवतात.

७. गुरू, शनी, चंद्र: इथे थोडी अडचण

चित्रण करण्यात अडचण नाही. फायरकॅप्चरची लिनक्स आवृत्ती आहे, अ‍ॅस्ट्रोडीएमएक्स आहे, केस्टार्समधलं इकॉस आणि त्यामागचं इंडी तर लिनक्सवरच वाढलं. व्हिडिओ एसईआर स्वरूपात घ्या. गुरू स्वतःभोवती दहा तासांहून कमी वेळात फिरतो, तेव्हा दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर पट्ट्यांतले बारकावे पुसट होतात.

अडचण स्टॅकिंगची. जगभर वापरलं जाणारं ऑटोस्टॅकर्ट विंडोजचं. अनेक लिनक्सवाले ते वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून) चालवतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. वाइन नको असेल तर प्लॅनेटरी सिस्टम स्टॅकर बघा. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि फोटोचे छोटे तुकडे वेगवेगळे जुळवण्याची तीच पद्धत वापरतं. टाकताना वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमपासून वेगळा पायथनचा कप्पा, करा. डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून पिपने (पायथनचे प्रोग्रॅम टाकणाऱ्या साधनाने) थेट सिस्टिममध्ये काही टाकू दिलं जात नाही. तिथे येणारा इशारा मोडून पुढे जाण्याची युक्ती कुणी सांगितली तर करू नका, सिस्टिमचं पायथन बिघडू शकतं.

स्टॅकनंतर धार आणण्यासाठी सिरिलमधले वेव्हलेट किंवा इम्पीपीजी. चंद्र-सूर्यासाठी इम्पीपीजी फार छान: छोटं, चपळ, आणि बदल लगेच दिसतो.

८. किल्ला आणि आकाशगंगा

ताऱ्यांच्या रेषांसाठी स्टारस्टॅक्स पुरे. तेही नको असेल तर गिम्पमध्ये सगळे फोटो थरांवर ठेवून ‘लायटन ओन्ली’ करा.

आकाशगंगा आणि जमीन एकाच फोटोत असेल तर सिरिल तारे जुळवतं आणि जमीन धुरकट होते. आकाशाचा स्टॅक वेगळा, जमिनीचा एकच स्वच्छ फोटो वेगळा, आणि दोन्ही गिम्पमध्ये मास्क लावून जोडणं हाच मार्ग. वेळखाऊ आहे, दुसरा सोपा मार्ग मला लिनक्सवर सापडलेला नाही.

९. पैसे कधी मोजायचे

पिक्सइनसाइट, अ‍ॅस्ट्रो पिक्सेल प्रोसेसर आणि स्टारटूल्स ही तिन्ही विकतची आणि तिन्ही लिनक्सवर चालणारी.

पिक्सइनसाइट सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात महाग. किंमत युरोत, शेकड्यांच्या घरात, वर कर. एकदाच द्यायची, दरवर्षी नाही, हे त्यातलं बरं. पण तारे काढणारी, धार आणणारी नावाजलेली प्लगिन वेगळी विकत घ्यावी लागतात, तो खर्च आधीच धरा. वापरण्याची रीत इतर कुठल्याही प्रोग्रॅमसारखी नाही. पहिले काही दिवस बटण कुठे आहे हेच शोधण्यात जातात. अ‍ॅस्ट्रो पिक्सेल प्रोसेसरचं बलस्थान अनेक फोटो जोडून मोठा मोझेइक करणं. स्टारटूल्स तुलनेने स्वस्त, पण विचार करण्याची पद्धत अगदी वेगळी. त्याची चाचणी आवृत्ती सगळं करू देते, फक्त सेव्ह करू देत नाही.

पिक्सइनसाइटची चाचणी मुदत ४५ दिवसांची असते. कॅमेरा घेतल्या घेतल्या ती मागवू नका. डिसेंबर-जानेवारीत स्वतःचे फोटो काढा, सिरिलमध्ये त्यांवर हात बसवा, आणि मुदत जूनमध्ये सुरू करा. आकाश ढगांनी झाकलेलं असतं, बाहेर जायचं नसतं, आणि हाताशी स्वतःचा ओळखीचा डेटा असतो. तोच स्टॅक दोन्हीकडे पहिल्यापासून करा, दोन निकाल शेजारी लावा आणि १०० टक्क्यांवर बघा. फरक तुम्हाला स्वतःला दिसला तर पैसे मोजा. दुसऱ्या कुणाच्या फोटोवरून ठरवू नका, त्याचं आकाश आणि दुर्बीण तुमच्याकडे नाही.

स्वतःचा डेटाच नसेल तरी पावसाळा फुकट जायला नको. हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींच्या मूळ फिट्स फाइल नासासाठी चालवल्या जाणाऱ्या मास्ट संग्रहातून कुणालाही उतरवता येतात. तीन फिल्टरच्या तीन फाइल सिरिलमध्ये लाल, हिरव्या, निळ्यात जोडून बघा.

१०. मोजमाप करायचं असेल तर

अ‍ॅस्ट्रोइमेजजे घ्या. जावावर चालतं, तेजस्वितेचा आलेख काढून देतं. फिट्स नुसती उघडून बघायला डीएस९ किंवा अ‍ॅस्टॅप. या कामात डार्क-फ्लॅट लावा आणि तिथेच थांबा. स्ट्रेच केलेल्या किंवा एआयने गोंगाट काढलेल्या फोटोवरून तेजस्विता मोजता येत नाही.

११. काय ठेवायचं, काय पुसायचं

स्क्रिप्ट संपल्यावर मुख्य फोल्डरमध्ये प्रोसेस नावाचा नवा फोल्डर दिसेल. डिस्क खाणारा तोच. निकाल सेव्ह झाल्याची खात्री करून तो पुसा. मूळ रॉ फोटो, तयार झालेले मास्टर डार्क आणि फ्लॅट, आणि स्ट्रेच न केलेला ३२-बिट स्टॅक मात्र ठेवा. सोबत एक साधी मजकूर फाइल: तारीख, जागा, एक्स्पोजर, आयएसओ, तापमान, सिरिलची आवृत्ती. पुढच्या हिवाळ्यात त्याच वस्तूचे आणखी फोटो काढून या स्टॅकमध्ये भर घालायची असेल तेव्हा डार्क कोणत्या तापमानाचे होते हे या फाइलशिवाय कळणार नाही.